एका बहिणीसाठी

परवा महिला मंडळाच्या चिठ्ठ्या झाल्या, मावशी. वर्षभर कुणी कुणाबरोबर प्रार्थनेला बसायचं, त्या जोड्यांच्या चिठ्ठ्या. बिस्किटांचा तोच पत्र्याचा डबा, आत गेल्या वर्षीच्याच घड्या. सेक्रेटरीताईंनी नव्या दोघींची नावं तेवढी वर टाकली होती. तुमचं नाव काढून ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आशाताईंनी हात घातला, घडी उलगडली आणि नाव वाचायच्या ऐवजी चिठ्ठी मांडीवर पालथी ठेवली. शेजारची म्हणाली, वाच की, चष्मा विसरलीस का. आशाताईंनी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली. मग चिठ्ठी या हातातून त्या हातात गेली, आणि जिच्या हातात गेली ती गप्प झाली. शेवटी पाळकांच्या मिसेस म्हणाल्या, चुकून राहिली, चला चहा घ्या. चहाआधी आशाताईंनी नळावर हात धुतले. दोनदा.

तुम्हाला पुरून तेव्हा सतरा दिवस झाले होते. मी नेहमीसारखी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. चिठ्ठीकडे नाही, बायकांकडे. कोण कुठला हात वर न्यायचं टाळते, कोण पदर कुठं धरून ठेवते, कुणाचा ब्लाउज नवा असून ढगळ आहे. ही सवय मला तुमच्यामुळे लागली. आता ती जाईल असं वाटत नाही.

तुमच्या बहिणीनं, कमलमावशींनी, मातीच्या दिवशी मला एक प्रश्न विचारला होता आणि मी "नाही" म्हणाले होते. ते "नाही" घेऊन मी फिरते आहे. तुम्ही असता तर गुरुवारी तुमच्यासमोर ठेवलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या जानेवारीत माझी चिठ्ठी तुमच्या हाताला लागली तेव्हा मी घाबरले होते. मंडळात मी सगळ्यांत लहान, तीही आईनं ओढून आणलेली. मला चारचौघींत प्रार्थना करता येत नव्हती. शाळेत पाठ करून घेतलेल्या इंग्रजी प्रार्थना तेवढ्या यायच्या. घरी आम्ही मराठीत बोलतो, मराठीत भांडतो, पण डोळे मिटले की मला मराठी सुचायचं नाही. "आता ही बहीण प्रार्थना चालवील" असं कुणी म्हटलं की मी खाली मान घालायची, आणि शेजारची बाई कीव येऊन माझ्या वाटचं बोलून टाकायची.

पहिल्या गुरुवारी ऑफिसातून परस्पर तुमच्याकडे आले. टॉवेल एक्सपोर्ट करणाऱ्या कंपनीत मी इंग्रजी पत्रं लिहिते, हे तुमच्या कानावर आलेलंच होतं. शिवणक्लासच्या मुली गेल्या होत्या. फरशीवर कापडाच्या चिंध्या होत्या, आणि पलीकडच्या कारखान्यातल्या मागांचा आवाज भिंतीतून येत होता. मी आधीच सांगून टाकलं की मला मराठीतून जमत नाही.

"इंग्रजीतून कर की," तुम्ही म्हणालात. "त्याला येतंय. मला येत नाही, तर आमेन कुठं म्हणायचं तेवढं खुणेनं सांग."

मग तुम्ही मला जे शिकवलं ते फार थोडं होतं, आणि अजून तेवढंच येतं. एक वाक्य बोलायचं. खरं असेल तेवढंच. मग थांबायचं. दुसरं आलं तर बोलायचं, नाही आलं तर आमेन. थांबलेल्या वेळात काय करायचं, मी विचारलं होतं. काही नाही, तुम्ही म्हणालात, तोही बसलेला असतो. मी आयुष्यभर गप्प बसण्यासाठी बोलणी खाल्ली. गप्प बसण्यालाही जागा असते, हे मला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.

तुमचा एकच नियम होता. दुसऱ्या कुणाची गोष्ट प्रार्थनेत आणायची तर नाव घ्यायचं नाही. "एका बहिणीसाठी", "एका भावासाठी", बस. नाव ज्याला माहीत पाहिजे त्याला माहीत आहे. आणि ऐकणारीनं विचारायचं नाही. मंडळीतल्या सगळ्या बायका थोडाफार हा नियम पाळतात, पण तुमच्याइतका कडक कुणीच नाही. का, ते तुम्ही मार्चमध्ये सुईत दोरा ओवता ओवता सांगितलंत. मोडनिंबला असताना, विशीत, तुम्हाला फिटा यायच्या. लग्न ठरलं होतं. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत एका बाईनं उभं राहून, नाव घेऊन, मोठ्यानं तुमच्यासाठी प्रार्थना केली. सभेत नवऱ्यामुलाची आत्या बसलेली होती.

"प्रार्थना चांगली होती," तुम्ही म्हणालात. "मनापासून केलती. फिटा थांबल्या. लग्न पण थांबलं."

त्या बाईला कुणी सांगितलं होतं, मी विचारलं. कुणीतरी सांगितलं असंल, असं म्हणून तुम्ही दोरा दातानं तोडलात.

मला तो नियम आवडला. खरं सांगायचं तर सोयीचा वाटला. पहिले काही गुरुवार मी "माझी काही विनंती नाही" असंच म्हणत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, मग देवाला सांगू की या पोरीचं सगळं झकास चाललंय, हिला आणखी काही देऊ नको. नियम कळल्यावर मी पहिली विनंती दिली. एक बहीण आहे, तिचं स्थळ बघतायत, तिला आत्ता लग्न करायचं नाही, पण घरी तोंड उघडत नाही. तुम्ही वहीत लिहून घेतल्यासारखी मान हलवलीत. तीन गुरुवार त्या बहिणीसाठी प्रार्थना केलीत, अगदी गंभीरपणे, तिला शब्द दे, तिच्या आईबापाला कान दे म्हणून. चौथ्या गुरुवारी गॅसपाशी उभ्या राहून, माझ्याकडे पाठ करून विचारलंत,

"त्या बहिणीला विचार, चहात साखर किती?"

मी रडले तेव्हा तुम्ही वळला नाहीत. चहा उकळू दिलात. रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, आईशी ब्लाउजच्या गळ्याबद्दल तासभर बोललात, आणि जाता जाता दारात म्हणालात की हिच्याशी एकदा निवांत बोला, ऐकून घ्या. स्थळ मागे पडलं. तुम्ही मला पकडलंत असं मला एकदाही वाटू दिलं नाहीत. माझा हात धरून मला बाहेर काढलंत.

हे मी नीट लिहून ठेवते आहे, कारण एप्रिलमध्ये तुम्ही स्वतः एक विनंती दिलीत.

ऊन इतकं होतं की तुम्ही दुपारचा क्लास सकाळी घ्यायला लागला होतात. डोळे मिटण्याआधी तुम्ही म्हणालात, एका बहिणीसाठी. तिच्या छातीत गाठ आहे. बरेच दिवस आहे. दुखत नाही, म्हणून ती कुणाला दाखवत नाही, आणि दाखवायची भीती वाटते. मी म्हणाले, हो. आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा मराठीत एका वाक्यानंतर दुसरं वाक्य आलं.

तेच मला सहन होत नाही, मावशी. मला प्रार्थना करता यायला लागली ती त्या बहिणीमुळे. दर गुरुवारी तिच्यासाठी मला नवे शब्द सुचायचे. तिला धीर दे. तिला सोबत दे. तिच्याजवळ कुणीतरी असं पाठव की जिला ती सांगू शकेल. हे मी तुमच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर बसून, डोळे मिटून म्हणायची, आणि तुम्ही "आमेन" म्हणायचात. उपकारस्तुतीच्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहून प्रार्थना चालवली तेव्हा आईनं डोळे पुसले. बाहेर आल्यावर बायका तुम्हाला म्हणाल्या, पोरगी तयार केली की तुम्ही. तुम्ही डाव्या हातानं पदर छातीशी धरून उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, मी काय केलं, तिला सराव मिळाला.

मी बघणारी मुलगी आहे. बोलत नाही, म्हणून बघते. जूनमध्ये वरच्या फळीवरची रिळं तुम्ही मला काढायला सांगू लागलात. आधी तुम्ही स्टुलावरही न चढता काढायचात. इस्त्री एका हातातून दुसऱ्या हातात गेली. क्लासच्या मुलींना तुम्ही सांगायचात की ब्लाउज अंगाला बसला पाहिजे, ढगळ ब्लाउज म्हणजे मापात चूक. आणि तुम्ही स्वतःसाठी एकामागून एक ढगळ ब्लाउज शिवत होतात, एका बाजूला जादा अस्तर लावून. मशीनवर पडलेला एक मी उचलून घडी करायला घेतला तर तुम्ही तो झटकन ओढून घेतलात. तसं तुम्ही कधी केलं नव्हतं.

मग तुम्ही मला टॉवेल मागितलेत. सेकंडचे चालतील, म्हणालात, पण मऊ आण. कंपनीत नाकारलेला माल आम्हाला मिळतो. मी पिशवी भरून हातरुमालाएवढे टॉवेल आणले. पावसाळ्यात एकदा हात धुवायला मोरीत गेले तर दोरीवर ते वाळत होते. बाहेर ऊन पडलेलं असताना आत, अंधारात. एकेकाचे चार तुकडे केलेले, कडा नीट दुमडून टीप मारलेल्या. धुऊनही डाग गेले नव्हते. फिनेलचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास होता. मी हात धुतले, बाहेर आले, तुमच्यासमोर बसले. तुम्ही म्हणालात, एका बहिणीसाठी. मी डोळे मिटले.

मला त्या दिवशी कळलं होतं. मागाहून कळलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं, पण ते खोटं आहे. मला मोरीतच कळलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी तयारी करून आले. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं. प्रार्थनेआधी विचारलं, "मावशी, त्या बहिणीला दवाखान्यात जायला कुणी सोबत पाहिजे का?"

तुम्ही कापडावर खडूनं रेघ मारत होतात. हात थांबला. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत.

"तू नाव विचारतेस का?"

"नाही, नाही मावशी," मी म्हणाले.

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि कात्री घेतलीत.

नाव विचारतेस का, या तुमच्या एका वाक्यावर आपलं भांडण अडकलं आहे. मी ते हजारदा ऐकलं. कधी ते दटावल्यासारखं ऐकू येतं: नियम माहीत आहे ना तुला? कधी ते दार उघडल्यासारखं ऐकू येतं: विचार की, विचार. तुम्ही मला चहातल्या साखरेवरून बाहेर काढलं होतंत. तुम्हीही तसंच कुणीतरी बाहेर काढायची वाट बघत होतात का? एप्रिलपासून दर गुरुवारी, माझ्यासमोर? की तुम्हाला फक्त तुमच्यासाठी प्रार्थना करणारी एक मुलगी पाहिजे होती, जी नक्की काही विचारणार नाही? तसं असेल तर तुमची निवड बरोबर होती. आणि मला त्याचा राग येतो. तुमचाही येतो, मावशी. नाव ज्याला माहीत पाहिजे त्याला माहीत आहे, असं तुम्ही म्हणत होतात. त्याला माहीत होतं, मान्य. पण तो काही तुम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात नेणार नव्हता. त्यासाठी मी समोर बसलेली होते. मीच दर गुरुवारी मागत होते की तिच्याजवळ कुणीतरी पाठव.

नोव्हेंबरात तुम्ही क्लास बंद केलात, थंडी बाधते म्हणालात. नाताळच्या आधी दोन आठवडे तुम्हाला जिना चढताना धाप लागली आणि तुम्ही पायरीवरच बसून राहिलात. शेजाऱ्यांनी कमलमावशींना फोन केला. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं की इतके महिने घरात कुणालाच कसं कळलं नाही. कमलमावशी म्हणाल्या, घरात ती एकटीच असती. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. मी रोज आले. तुमच्या तोंडावर मास्क होता. एकदा तुम्ही माझ्या हाताला चिमटा काढलात, क्लासच्या मुली चुकल्या की काढायचात तसा. मी तेव्हाही काही बोलले नाही. डोळे मिटून एक वाक्य म्हटलं, आणि दुसरं आलं नाही.

तुम्हाला शेवटची अंघोळ घालायला कमलमावशी आणि आशाताई आत होत्या. कमलमावशी बाहेर आल्या त्या भिंत धरून. मंडळीतल्या एकेकीला त्या विचारत होत्या. माझ्यापाशी आल्या.

"तू दर बेस्तरवारी यायचीस न्हवं? तुला तरी काय बोलली व्हती का गं?"

"नाही, मावशी," मी म्हणाले.

नियमानं ते खरं होतं. तुम्ही मला स्वतःच्या गाठीबद्दल कधीच काही बोलला नव्हतात.

आज संध्याकाळी कमलमावशींचा मोडनिंबहून फोन आला. मला वाटलं, स्मरणप्रार्थनेबद्दल असेल. रविवारी ती आहे आणि प्रार्थना मी चालवायची असं ठरलं आहे. पण त्या दुसरंच बोलत होत्या. जेवण जात नाही, म्हणाल्या. ताईनं मला सांगितलं न्हाय, कारण मी तिची गुन्हेगार. मी म्हणाले, असं काय बोलता. तेव्हा त्यांनी सांगितलं. फिटांची गोष्ट त्या बाईला त्यांनीच सांगितली होती. चौदा वर्षांच्या होत्या. सगळ्या बायकांनी मिळून मागितलं तर ताई लवकर बरी हुईल, असं वाटलं, म्हणून सभेच्या आधी जाऊन नाव देऊन आल्या.

"तवापासनं मी कुणाचंच नाव घेत न्हाय बघ," त्या म्हणाल्या. "सोताचं बी."

तुम्हाला हे माहीत होतं, हो ना? दोरा तोडताना माहीत होतं. आणि चाळीस वर्षं तुम्ही तिचंही नाव घेतलं नाहीत.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनी आवाज खाली घेतला. तू शिकलेली हायस म्हणून इचारते, म्हणाल्या. आमच्या शेजारला एक बाई हाय. तिला बी काखंत जरा लागतंय, सुपारीएवढं. दुखत बिखत न्हाय. ताईसारखंच असंल असं न्हाय की. तर ते किती दिस थांबलं तर चालतंय?

इथं मागांचा आवाज नव्हता. आमच्याकडे संध्याकाळी शांत असतं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, ते ऐकू येत होतं. मावशी, मी तुम्हाला सांगते, मला सगळ्यांत आधी काय वाटलं ते. डोळे मिटून घ्यावेत असं वाटलं. त्या बाईसाठी चार चांगली वाक्यं माझ्याकडे तयार होती.

"नाव काय त्या बाईचं?" मी विचारलं.

"नाव कशाला गं?" त्या म्हणाल्या.

"मावशी, नाव सांगा."

"जाऊ दे गं, मी आपलं सहज…"

"मी तुमच्याशी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "सरलामावशींनी मला सांगितलं होतं. एप्रिलपासून दर गुरुवारी सांगत होत्या, दुसरीचं म्हणून. मला कळलं होतं. मी नाव विचारलं नाही. आता विचारते."

मला वाटलं, त्या मला शिव्या देतील. त्यांना तो हक्क होता, अजून आहे, आणि उद्या समोरासमोर त्या काय म्हणतील मला माहीत नाही. फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मग त्या रडायला लागल्या. रडता रडता, सभेत उभं केलेल्या मुलीसारखं, पूर्ण नाव त्यांनी सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव.

सकाळी मोडनिंबची पहिली एसटी साडेसहाला आहे. ऑफिसला कळवलं आहे. आईला सगळं सांगितलं; ती उठून माझा डबा भरायला लागली. कमलमावशींना घेऊन मी दुपारपर्यंत सोलापुरात परत येईन आणि त्यांना आत डॉक्टरांसमोर बसवल्याशिवाय कुठंही जाणार नाही. आत काय निघेल याची मला भीती वाटते. सुपारीएवढं म्हणजे किती दिवसांचं, हे मलाही माहीत नाही.

अजून प्रार्थना केलेली नाही, मावशी. ती मी गाडीत करीन, नाव घेऊन.